चौदा नंबरचा माल

अनारकान-एजेच्या झाडांना यंदा एकही जर्दाळू लागला नव्हता, ही गोष्ट आमच्या अर्का-साय गावात मला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. आणि गावातल्या प्रत्येक झाडाची मोजदाद ठेवायचं काम माझंच होतं.

हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणाला बोल लावायची वेळ आली तर माझी जीभ जरा अडखळलेली बरी.

माझं नाव बुरुल. ओश शहरात शिकले, तिथेच माल तपासणाऱ्या एका कचेरीत सहा वर्षं काढली, आणि लग्न होऊन इकडे बात्केनच्या जर्दाळूच्या मुलखात आले. आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात डोकं फिरलं. व्यापारी ट्रक घेऊन यायचे, जर्दाळू अंगठ्याने दाबून नाक मुरडायचे आणि पडेल भावाने उचलून न्यायचे. तोच जर्दाळू पुढे जर्मनीत कागदी पाकिटात विकला जातो हे मला कचेरीत बसून माहीत होतं. गावाला सांगितलं तर तोक्तोसुन-आके (आमच्याकडे मोठ्या बाप्याच्या नावापुढे आके लावतात, बाईच्या एजे) म्हणाले, "मग पाकिटात आम्हालाच घालून पाठव की, तेवढीच जर्मनी बघून होईल."

गावाला पटवण्यात सहा वर्षं गेली. मग चार वर्षं खेटे घातले तेव्हा हॅम्बुर्गचा एक खरेदीदार तयार झाला. एक कंटेनर. गंधकाची धुरी न दिलेला, उन्हात वाळवलेला माल, आणि त्यावर सेंद्रिय असल्याचा दाखला. आमच्याकडे कुणाच्याच घरी पन्नासच्या वर झाडं नाहीत, एकट्याने कंटेनर भरायचा तर सात जन्म लागतील. म्हणून एक्केचाळीस घरांचा मिळून एक गट केला. दाखला सगळ्यांना मिळून एकच. एकाने खोटं केलं की चाळीस घरं त्याच्याबरोबर बुडणार, हे मी बैठकीत इतक्यांदा सांगितलं की पोरं माझी नक्कल करायला लागली.

प्रत्येक घराला नंबर दिला. ज्या नंबरचा क्रेट, त्याच नंबरच्या झाडाचं फळ. तोक्तोसुन-आके गटाचे अध्यक्ष, पण थट्टेत सगळ्यांच्या पुढे. "बुरुल, माझ्या बकरीने शेजाऱ्याच्या झाडाखालचे जर्दाळू खाल्ले तर दूध कोणत्या नंबरात घालू?"

"बकरीलाच नंबर द्या, आके. तुमच्यापेक्षा हिशेबी आहे ती."

सगळे हसले. त्याच बैठकीत मी माझा स्वतःचा एक नियम घातला. पहिल्या वर्षी ज्याचा माल आला नाही, त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत नाही. काही जण इकडे नाव लावून माल मात्र व्यापाऱ्याला द्यायच्या बेतात होते, त्यांना चाप बसावा म्हणून. ते लबाड पुढे गपगुमान क्रेट भरून देऊन गेले, आणि चाप भलत्याच माणसाला बसला.

एप्रिलमध्ये, झाडं फुलावर असताना थंडी पडली. वरच्या बागा वाचल्या, ओढ्याकाठच्या पोळल्या. अनारकान-एजेची बत्तीस झाडं अगदी ओढ्याला लागून. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी रशियात कामाला, घरात दोन नाती. बाई मात्र ताठ. छाननीच्या शेडमध्ये तिच्यासारखा हात कुणाचा नाही. किडका जर्दाळू ती न बघता, नुसता बोटांनी ओळखते.

जूनमध्ये मी प्रत्येक बागेत जाऊन फळ डोळ्यांनी बघायचं आणि कागदावर सही करायची, असं ठरलेलं. चौतीस बागा बघितल्या. मग उन्हाचा कंटाळा आला. उरलेल्या सात मी आमच्या अंगणात चहा पीत पीत भरल्या. अनारकान-एजे तेव्हा शेजारीच बसून वाळवणाच्या फळ्या घासत होती.

"एजे, बागेत ठीक आहे ना?"

"देवाची कृपा आहे."

आमच्याकडे घर पेटलेलं असलं तरी माणूस हेच म्हणतो. हे मला कळायला हवं होतं. मी चौदा नंबरपुढे 'पाहिली' लिहून सही ठोकली.

ऑगस्टमध्ये ती गाढवाच्या गाडीवर आठ क्रेट घेऊन आली. मी झाकण उघडलं आणि खूश झाले. "एजे, सगळ्या गावात तुमचा माल देखणा!" शेडमधल्या बायका एकदम खाली माना घालून कामाला लागल्या. माझ्या बोलण्याने त्यांना हेवा वाटला, असं मला वाटलं. काय अक्कल!

सप्टेंबरात बिश्केकहून दाखल्यासाठी तपासनीस आली. बेगिमाय नाव, वय अठ्ठावीस-तीस, बूट चिखलाचे, बोलणं मोजकं. मला आवडली. म्हणाली, पाच घरं तपासणार, चिठ्ठ्या टाका. तोक्तोसुन-आकेंनी आपली टोपी पुढे केली. तिसरी चिठ्ठी निघाली चौदा.

आके पटकन म्हणाले, "ही परत टाकू या. ती बाई आजारी आहे."

"कोण आजारी?" छाननीच्या टेबलावरून अनारकान-एजेचा आवाज आला. "मी ठणठणीत आहे. चला."

मी हसले. खरंच हसले. आकेंना ओढ्यापर्यंत चालायचा कंटाळा आला असं वाटून हसले.

बागेत पाऊल टाकलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं. डहाळ्यांची टोकं काळी पडलेली. झाडाखाली गवत गुडघाभर, त्यावर कुणी फळ वेचायला बसल्याची खूण नाही. एक बी पडलेली नाही. बेगिमाय पहिल्या झाडापासून बत्तिसाव्यापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली.

"एजे, या झाडांचा किती माल दिलात?"

"कागदावर आहे तेवढा."

बेगिमायने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातातल्या कागदावर माझी सही होती.  

शेडमध्ये येऊन तिने चौदा नंबरचे क्रेट एक एक करून पांढऱ्या कापडावर ओतायला लावले. दहा मिनिटं फळं चाळत राहिली. मग म्हणाली, "यांच्या बागेत इस्फराक ही एकच जात आहे. नकाशात तसं लिहिलंय. या क्रेटमध्ये इस्फराक नाहीच. मिरसंजाली आहे, कंदक आहे, आणि ही तिसरी तर मला ओळखताही येत नाही."

मला येत होती. त्यातली मिरसंजालीही मला येत होती, कोणत्या झाडाची ते धरून. आमच्या परसातल्या वरच्या झाडाची. तिच्या एका गालावर वाळल्यावरही लालसर झाक राहते. ती सासूबाईंनी घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी वाळवली होती. 

सासूबाईंना हाताला धरून शेडच्या मागे नेलं. सादत-आपा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, त्यांचा हात असा कुणी धरत नाही.

"आपा, हे तुम्ही केलंत?"

"एकटीने नाही. बारा घरांनी. अशार केला, त्यात एवढं डोळे वटारायला काय झालं?"

अशार म्हणजे गावाने मिळून एकाचं काम उचलणं. घर बांधायचं असो, पाट उपसायचा असो, कुणी बोलवत नाही आणि कुणी मोजत नाही. बारा घरांनी पहाटे पहाटे तिच्या फाटकाशी पोती ठेवली होती. हाक न मारता. हाक मारली असती तर तिने परत केली असती.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस. तुझ्या नियमाने तिचं नाव गेलं असतं. ती काय व्यापाऱ्याला माल देऊन बसली होती?"

मी चिडले. "अहो, मग द्यायचंच होतं तर निदान इस्फराक तरी द्यायचा! कुणाला कळलंही नसतं!"

आपा माझ्याकडे बघतच राहिल्या. मी काहीतरी घाणेरडं बोलले असावं अशा. "गरजेला द्यायचं, आणि साधं द्यायचं? घरात चांगलं असताना? माझ्या आईने मला असं नाही वाढवलं."

बारा घरांनी तेच केलं होतं. प्रत्येकाने आपलं सगळ्यात चांगलं दिलं, आणि त्या चांगुलपणानेच सगळ्यांना पकडून दिलं. चोरांना एवढं सुचलं असतं की माल सारखा असावा. ही माणसं चोर नव्हती, म्हणून सापडली.

बेगिमाय गाडीपाशी उभी होती. मी जवळ गेले, तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"काही सांगू नका. मी नारिनकडच्या एका गावातली आहे. आमचं घर जळालं तेव्हा गावाने आठ दिवसांत नवं उभं केलं. मला काही समजावून सांगायची गरज नाही." ती हळू बोलत होती. "पण तुम्ही सांगितलंत तर मला लिहावं लागेल. गटाने माल मिसळला असं लिहिलं की दाखला गेला. तीन वर्षं एक्केचाळीस घरांपैकी कुणाचा एक क्रेट सीमेपलीकडे जाणार नाही."

"आणि दुसरं काय लिहिता येतं?"

"एका सभासदाने बाहेरून माल विकत आणून घातला. मग त्या सभासदाला काढायचं, त्याचे क्रेट काढायचे. बाकी चाळीस घरं सुटली." ती जरा थांबली. "मला सगळ्यांसमोर विचारावं लागेल. जे उत्तर येईल ते मी लिहीन."

मला हायसं वाटलं. कबूल करायलाच हवं, मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की मार्ग आहे. ज्या बाईला त्या मार्गावर टाकायचं होतं तिचा विचार नंतर आला, आणि तो आल्यावर मला माझीच किळस आली.

भर दुपारी सगळे शेडमध्ये जमले. फळ्यांवर, क्रेटवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे बसले. बेगिमायने उभ्यानेच विचारलं, "चौदा नंबरचा माल कुठून आला?"

मला वाटलं, आता सादत-आपा उठतील. गावात कुणाची भीड न ठेवणाऱ्या. नाहीतर तोक्तोसुन-आके काहीतरी वेडंवाकडं बोलून सगळ्यांना हसवतील आणि त्या हसण्यात खरं सांगून टाकतील. मग बाकीचे माना हलवतील, दाखला जाईल, आम्ही पुन्हा त्या नाक मुरडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दारात उभे राहू, पण राहू तरी एकत्र.

उठली अनारकान-एजे.

"बाजारातून आणला. सीमेपलीकडच्या, इस्फारा गावच्या एका माणसाकडून."

बाजारच्या जर्दाळूला गंधकाची धुरी असते, तो नारिंगी दिसतो, चकाकतो. समोर कापडावर पडलेला माल तपकिरी होता, घरच्या उन्हात वाळलेला. शेडमधल्या पाच वर्षांच्या पोराला हे कळत होतं. बेगिमायला तर कळतच होतं.

"कुणी मदत केली?"

"कुणी नाही."

"जूनमध्ये बुरुल-एजे बाग बघून गेल्या, अशी सही आहे."

 एजेने माझ्याकडे बघितलंही नाही. "आली होती बिचारी. मी तिला वरच्या शेजाऱ्याची झाडं दाखवली, माझी म्हणून. नवीन माणूस आहे, तिला काय कळतंय."

मी गावात येऊन अकरा वर्षं झाली होती. वरच्या शेजाऱ्याचं झाड न् झाड मला माहीत होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आता सगळे माझ्याकडे बघत होते.

बेगिमायने कागदावर पेन टेकवलं, पण लिहिलं नाही. थांबली. तिने आम्हाला वेळ दिला. तो वेळ किती होता कोण जाणे, मला अजून तो संपल्यासारखा वाटत नाही. मी तोक्तोसुन-आकेंकडे बघितलं. ते टोपीच्या आतली शिवण न्याहाळत होते. सादत-आपांकडे बघितलं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, नीट घडी केली, परत बांधला. बारा घरांतल्या बारा माणसांना आपापल्या बुटांत काहीतरी सापडलं होतं. 

आणि मी? मला तर सहीचीच भीती होती. मीही मूग गिळून बसले.

बेगिमायने लिहिलं. मग कागद माझ्यापुढे केला, गटाच्या वतीने सही करायला. मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"कर गं पोरी," अनारकान-एजे म्हणाली. "उकाड्यात बसली आहेत माणसं."

मी सही केली. आयुष्यात इतकी स्वच्छ, वळणदार सही मी कधी केली नसेल.

एजेने आपले आठ क्रेट एकटीने गाडीवर चढवले. एरवी तिच्या मदतीला चार जण धावले असते. आज कुणी हललं नाही. हात लावणं म्हणजे आपला माल ओळखणं, आणि तपासनीस अजून अंगणात होती.

तीन दिवसांनी कंटेनर भरला. शेवटचा क्रेट चढल्यावर सगळ्यांनी दुआसाठी ओंजळी वर केल्या, तोंडावरून हात फिरवले, कुणीतरी आनंदाने शिटी मारली. तोक्तोसुन-आके नाचले. चार वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस मी अंगावर दगड बांधून फिरल्यासारखा काढला. गाडी वळणाआड गेली तेव्हा मी टाळ्याही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकात अनारकान-एजे उभी राहिली. खांद्यावर पोतं.

सादत-आपा पुढे झाल्या. "ये, ये, एजे, आत ये!" आवाज नको तितका मोठा.

"घाई आहे." तिने पोतं खाली ठेवलं. "तुमची मिरसंजाली. वेगळी काढली. एखादा कंदक मिसळला असेल तर माफ करा, डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

तिची बोटं कधी चुकत नाहीत. रात्रीचा दिवस करून तिने आठ क्रेट निवडले होते, बारा घरांची फळं बारा ठिकाणी केली होती.

आपांचे हात लटकत राहिले. "अगं, दिलेलं कुणी परत आणतं का?"

"दिलेलं नाही आणत कुणी," एजे म्हणाली. रागाने नाही. भाव विचारावा तशा साध्या आवाजात. "पण त्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहून मी विचार केला, हे दिलंय तरी कुणी? एकही माणूस बोलला नाही. म्हणजे कुणी दिलं नव्हतं. मग माझ्या घरात ते कशाला ठेवू?"

मी धावत आत गेले आणि रुमालात गुंडाळलेला नान घेऊन आले. आमच्या दारातून कुणी नान न चाखता जात नाही. घाईत असला तरी एक तुकडा मोडायचा, तोंडाला लावायचा आणि मग जायचं. भांडायला आलेला माणूससुद्धा आधी तुकडा मोडतो आणि मग भांडतो.

"एजे, चाखा तरी," मी म्हणाले.  "माझं चुकलं. सगळं माझंच चुकलं. मी आत्ता फोन करते त्या बेगिमायला, सगळं सांगते. जाऊ दे कंटेनर, जाऊ दे—"

"आता?" तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिला माझी कीव आली असावी. "आता चाळीस घरं बुडवून काय मिळवशील? पोरी, तुला वाटतंय मी यादीसाठी आले. यादी गेली तर गेली. मी इथे साठ वर्षं आहे."

नान मी दोन्ही हातांवर धरून होते. तिने त्याच्याकडे बघितलं.  मग मान हलवली.

"आज नको."

फाटक ओढून ती गेली. रस्त्यावर तिची गाढवगाडी होती, गाडीवर अजून अकरा पोती होती. पुढचं घर तोक्तोसुन-आकेंचं. भिंतीपलीकडून त्यांचं हसत केलेलं स्वागत ऐकू आलं, मग ते हसणं तुटलं. मग गाडीची चाकं, आणि त्यापुढचं घर.

सादत-आपा उंबऱ्यावर बसल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मांडीवर पोतं, त्यावर दोन्ही हात पसरलेले.

"बारा घरं," त्या म्हणाल्या. "बाराही घरी अशीच जाणार ती."

"हो, आपा."

"कुठेच नाही चाखणार."

 त्यांनी माझ्या हातातला नान घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, आणि माझ्याकडे मान वर केली. 

"बुरुल," त्या म्हणाल्या, "मयताच्या घरीसुद्धा लोक तुकडा मोडतात गं."